१२ टक्के फ्लॅट की १८ टक्के रिड्युसिंग, आणि आईच्या दोन लाखांचं काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. आपल्या सोलापुरातल्या साखर पेठेतल्या एका भावाच्या आईचे बिडी कारखान्यातले पीएफचे २ लाख हातात आलेत. एक पतसंस्था ते ९ टक्के सरळव्याजानं ठेवून घ्यायला तयार आहे. आणि ह्या भावाला स्वतःला युनिफॉर्मच्या जॉबवर्कसाठी दोन जुकी शिलाई मशीन आणि एक ओव्हरलॉक मशीन घ्यायचीय, त्यासाठी १ लाख लागतेत. फायनान्सवाला म्हणतो १२ टक्के फ्लॅट, २ वर्षं, वर ३ टक्के प्रोसेसिंग फी, बँक म्हणते १८ टक्के रिड्युसिंग. तर ह्यानं हिशोब असा केलाय की आईच्या पैशावर ९ मिळणार, आपल्या कर्जावर १२ जाणार, म्हणजे १ लाखामागं वर्षाला ३ हजाराचाच खड्डा, मग आईच्या पैशाला हात कशाला लावायचा आणि १८ वाल्या बँकेत तरी कशाला जायचं.

भाऊ, आईच्या पैशाला हात लावायचा नाही हे तुमचं मन चांगलं आहे आणि त्यावर खाली मार्ग सांगते, पण हिशोब चुकलाय, आणि थोडाथोडका नाही. तुमचे ते १२ टक्के खरे बघितले तर साडेएकवीस टक्के आहेत. प्रोसेसिंग फी धरली तर पावणेपंचवीसच्या आसपास जातेत. बँकेचे १८ हे खरोखरचे १८ आहेत. म्हणजे स्वस्त वाटतंय ते महाग आहे. मी कर्ज खात्यात आयुष्य काढलंय आणि हा एकच घोटाळा इतक्या घरांत बघितलाय की ह्यावर सविस्तर लिहिते, वेळ काढून वाचा, शेजारी कागद-पेन घेऊन बसा.

सूत्र तुम्हाला येतंच, शाळेत सगळ्यांनी केलंय, मुद्दल गुणिले दर गुणिले मुदत भागिले शंभर. १ लाख, १२ टक्के, २ वर्षं, व्याज २४,०००. आता ह्या सूत्रात दर सगळे बघतेत, मुदत पण बघतेत, मुद्दलाकडं कोण बघत नाही कारण वाटतं ते तर ठरलेलंच आहे, १ लाख. पण तुमच्याकडं १ लाख किती दिवस आहेत ते सांगा बघू. पहिला हप्ता भरेपर्यंत, म्हणजे एक महिना. पुढच्या महिन्यात त्यातले चारेक हजार तुम्ही परत दिलेले असतात, त्याच्या पुढच्या महिन्यात आणखी चार हजार, वर्षभरानं निम्मे परत गेलेले असतात. तरी व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण १ लाखावर लावलेलं असतं, ह्यालाच फ्लॅट म्हणतेत. अक्कलकोट रोडला एखाद्यानं शेडमधले चार माग भाड्यानं घेतले, सहा-सहा महिन्यांनी एकेक माग मालकाला परत करत गेला, आणि मालक दोन वर्षं चारी मागांचं भाडं घेत राहिला तर तुम्ही काय म्हणाल? इथं तेच होतंय, पण हप्ता दर महिन्याला सारखाच असल्यामुळं दिसत नाही.

तुमचेच आकडे मांडते. १ लाख मुद्दल, २४ हजार व्याज, १,२४,००० भागिले २४, हप्ता ५,१६७. त्यात ४,१६७ मुद्दल आणि १,००० व्याज असं ते धरतेत. आता चोवीसावा महिना बघा. तुमच्याकडं त्यांचे फक्त ४,१६७ रुपये उरलेत आणि त्या ४,१६७ वर तुम्ही १,००० रुपये व्याज देताय. एका महिन्याचं. २४ टक्के झालं की हे, वर्षाचं नव्हे, महिन्याचं. पहिल्या महिन्यात १ लाखावर १,००० म्हणजे महिना १ टक्का ठीक होतं, तिथून ते दर महिन्याला चढत चढत शेवटी इथं आलं.

आता बँकेचे १८ टक्के. वर्षाला १८ म्हणजे महिन्याला दीड टक्का, पण जेवढं बाकी आहे तेवढ्यावरच, ह्यालाच रिड्युसिंग म्हणतेत. २४ महिन्यांचा हप्ता बसतो ४,९९२. पहिल्या महिन्यात १ लाखावर दीड टक्का म्हणजे १,५०० व्याज, उरलेले ३,४९२ मुद्दलात. आता बाकी ९६,५०८. दुसऱ्या महिन्यात व्याज ह्या ९६,५०८ वर, म्हणजे १,४४८. असं दर महिन्याला व्याज उतरत जातं आणि मुद्दल जास्त फिटत जातं. दोन वर्षांत एकूण भरता १,१९,८१८, म्हणजे व्याज १९,८१८. तिकडं २४,०००. साधारण ४,२०० रुपये बँकेत कमी लागले, आणि दर तर दीडपट दिसत होता.

ज्याला मोबाईलवर ईएमआय कॅल्क्युलेटर वापरता येतो त्यानं उलटं करून बघावं, १ लाख, २४ महिने टाकायचे आणि दर वाढवत न्यायचा, जिथं हप्ता ५,१६७ होतो तिथं थांबायचं. २१.५ च्या थोडं पुढं थांबतो तो. हाच तुमचा खरा दर. आणि कॅल्क्युलेटर नसेल तर अंदाज म्हणून एक ते तीन वर्षांच्या हप्त्याच्या कर्जाला फ्लॅट दर गुणिले १.८ करा, १२ चे २१.६ येतेत, १० चे १८ येतेत. दुचाकीवर, मोबाईलवर, फ्रिजवर जे '१० टक्के, १० टक्के' चाललेलं असतं नवी पेठेत ते बऱ्याचदा ह्यातलंच असतं, तिथंच उभ्या उभ्या १.८ नं गुणायचं.

हे असं का होतं ते कागदावर बघायचं असेल तर एक जुनी पद्धत आहे, आम्ही लेजर हातानं लिहायचो तेव्हाची, तिला प्रॉडक्ट काढणं म्हणतेत. शिल्लक गुणिले ती शिल्लक किती महिने किंवा किती दिवस राहिली, ह्या सगळ्याची बेरीज, मग त्यावर दर. २४ समान हप्त्यांत पहिल्या महिन्यात २४ हप्त्यांचं मुद्दल बाकी असतं, मग २३, मग २२, शेवटी १. २४ पासून १ पर्यंतची बेरीज ३००. म्हणजे ४,१६७ रुपये ३०० महिने वापरले असं धरा, त्यावर महिना १ टक्का व्याज होतं १२,५००. खरं १२ टक्के सरळव्याज हे आहे, साडेबारा हजार. फ्लॅटवाला मात्र २४ गुणिले २४ करतो, ५७६ महिने, आणि २४ हजार घेतो. ३०० च्या जागी ५७६.

आणि गंमत बघा, बँक किंवा पतसंस्था तुमचं आवर्ती खातं म्हणजे आरडी उघडते तेव्हा हिशोब बरोबर करते. समजा महिना १,००० प्रमाणं वर्षभर भरले, दर ७ टक्के. आपल्या बायका येऊन म्हणायच्या, मॅडम १२ हजाराचं ७ टक्के ८४० होतंय, तुम्ही ४५५ च कसं काय दिलं. मग मी त्यांना बोटं मोजून दाखवायची, पहिला हजार १२ महिने राहिला, दुसरा ११, शेवटचा एकच महिना, बेरीज ७८. १,००० गुणिले ७८ गुणिले ७ भागिले १,२००, बरोबर ४५५. (बँक तिमाही चक्रवाढ करते म्हणून थोडे जास्त पडतेत.) तेव्हा पटायचं त्यांना. पण मग तोच न्याय कर्जाला लावा म्हणावं ना. तुम्ही भरताना पैसा हळूहळू साठतो म्हणून व्याज निम्मं, आणि कर्ज हळूहळू फिटतं तेव्हा मात्र व्याज पूर्ण, हे कसं चालेल. पिग्मीचं पण असंच, रोज १०० प्रमाणं ३६५ दिवस भरले तर ३६,५०० होतेत पण ४ टक्क्यानं व्याज येतं ७३२ रुपये, १,४६० नाही. त्यात कोण फसवत नाहीये, सरासरी शिल्लकच १८,३०० होती. पिग्मीवाल्याशी ह्यावरून भांडू नका, तो बिचारा बाळीवेसपासून कन्ना चौकापर्यंत उन्हात फिरतो.

आता प्रोसेसिंग फी. तुम्ही लिहिलंय ३ टक्के फी आणि ती आधीच कापून घेणार. म्हणजे हातात ९७,०००, हप्ता मात्र १ लाखाचा. सूत्रातलं मुद्दल परत बदललं बघा. ९७ हजारावर ५,१६७ चे २४ हप्ते धरले की दर जातो २४.८ टक्क्यांवर. विमा कापला, फाईल चार्ज कापला, कागदपत्र चार्ज कापला तर आणखी वर. म्हणून मी सगळ्यांना सांगते की टक्के विचारू नका, तीनच आकडे विचारा, हातात किती पडणार, हप्ता किती, हप्ते किती. ह्या तीन आकड्यांत लपवायला जागा राहत नाही.

आणि आता तर हे विचारायची पण कायदेशीर सोय झालीय. रिझर्व्ह बँकेनं १ ऑक्टोबर २०२४ पासून बँकांना आणि फायनान्स कंपन्यांना किरकोळ कर्जांसाठी 'की फॅक्ट स्टेटमेंट' देणं बंधनकारक केलंय. त्यात एपीआर म्हणून एक आकडा असतो, म्हणजे व्याज, फी सगळं धरून वर्षाचा खरा दर, आणि हे कागद कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यायचे असतेत. सही करायच्या आधी तो कागद मागा. फायनान्सवाल्याला सरळ म्हणा, एपीआर किती आहे ते दाखवा. तो '१२' म्हणाला तर लिहून द्या म्हणा. लिहून देताना २१ च्या पुढचाच आकडा निघणार. अजून एक, हप्ता चुकला तर पूर्वी दंडव्याज लावून ते मुद्दलात घालायचे आणि त्यावर परत व्याज चालायचं, ते २०२४ पासून बंद झालंय. बँक आणि फायनान्स कंपनी दंड आकारू शकते पण त्या दंडावर व्याज नाही. पतसंस्थांना मात्र हे रिझर्व्ह बँकेचे नियम लागत नाहीत, त्या सहकार खात्याच्या निबंधकांखाली येतेत, म्हणून तिथं करारनामा स्वतः वाचावाच लागतो.

मुदतीचं पण एक बघून घ्या कारण तुमच्या प्रश्नात शेवटी तुम्ही खासगी सावकाराचा उल्लेख केलाय, गल्लीतला एकजण '२ रुपये शेकड्यानं' देतो म्हणून. बँकेचा दर दसादशे असतो, दर साल दर शेकडा. गल्लीतला शेकडा हा महिन्याचा असतो. २ रुपये शेकडा म्हणजे वर्षाला २४, ३ रुपये म्हणजे ३६, ५ रुपये म्हणजे ६०. ऐकताना '२' आणि '१८' कानाला कसं लागतं बघा, म्हणून माणसं तिकडं जातेत. आणि १० हजार म्हणून ९ हजार हातात द्यायचे, रोज १०० प्रमाणं १०० दिवस वसूल करायचे, हे तर मंडईत, हातगाड्यांवर सर्रास चालतं. बोलताना म्हणतेत '१० टक्के फक्त'. पण ९ हजार पण तुमच्याकडं १०० दिवस राहत नाहीत, रोज फिटत जातेत, सरासरी साडेचार हजारच वापरायला मिळाले, त्यावर १०० दिवसांत १,००० व्याज. वर्षाचा दर ७५ ते ८० टक्क्यांच्या मधे कुठंतरी पडतो.

महाराष्ट्रात सावकारीचा २०१४ चा कायदा आहे. परवाना असलेल्या सावकारालाच व्याजानं पैसे देता येतेत, आणि त्यालाही मर्यादा ठरवून दिलीय, शेतकऱ्याला तारण असेल तर वर्षाला ९ टक्के, विनातारण १२, बिगरशेतकऱ्याला तारणावर १५ आणि विनातारण १८. आणि मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही, १० हजार दिले असतील तर व्याज म्हणून जास्तीत जास्त १० हजार, मग कितीही वर्षं होऊ देत. ज्यांच्या घरी वर्षानुवर्षं नुसतं व्याजच भरणं चाललंय त्यांनी आतापर्यंत दिलेले पैसे एका वहीत तारखेनिशी लिहून काढा आणि सहकारी संस्थांच्या निबंधक कार्यालयात जा, सावकारीच्या तक्रारी तिथंच घेतेत. घाबरू नका, आणि कोऱ्या स्टॅम्पवर, कोऱ्या चेकवर सही करू नका, हे मी हात जोडून सांगते.

आता दिवसांचा हिशोब. हप्त्याचं नसलेलं कर्ज असतं, सोनं ठेवून घेतलेलं वगैरे, त्यात आपली माणसं मधे मधे पैसे भरतेत आणि शेवटी हिशोब कळत नाही. एक पूर्ण करून दाखवते. ५०,००० घेतले १० जूनला, १२ टक्के सरळव्याज. २५ ऑगस्टला १५,००० भरले. ३१ डिसेंबरला खातं बंद करायचं. १० जून ते २५ ऑगस्ट किती दिवस? जूनचे २०, जुलैचे ३१, ऑगस्टचे २५, एकूण ७६. व्याज ५०,००० गुणिले १२ गुणिले ७६ भागिले ३६,५०० (३६५ गुणिले १००, म्हणून ३६,५००), येतंय १,२४९. भरलेल्या १५ हजारातून आधी हे व्याज वळतं होतं, राहिलेले १३,७५१ मुद्दलात, बाकी ३६,२४९. आता २५ ऑगस्ट ते ३१ डिसेंबर, ६ अधिक ३० अधिक ३१ अधिक ३० अधिक ३१, १२८ दिवस. ३६,२४९ वर ते होतं १,५२५. एकूण व्याज २,७७४. हेच जर समोरच्यानं मधले १५ हजार बाजूला ठेवून, पूर्ण ५० हजारावर २०४ दिवसांचं लावलं तर ३,३५३ होतं. ५७९ रुपयांचा फरक. मी अशा पावत्या बघितल्यात ज्यात मधे भरलेल्या रकमेची तारीखच लिहिलेली नसते, नुसतं 'जमा १५,०००'. तारीख नसली की कुठल्या दिवसापासून मुद्दल कमी झालं हे सिद्ध करता येत नाही, तेव्हा पावती घेताना तारीख आणि 'व्याजात किती, मुद्दलात किती' हे दोन्ही लिहून घ्यायचंच.

आता आईच्या २ लाखांकडं येऊ. पतसंस्थेचे ९ टक्के सरळव्याज, दर महिन्याला घेतलं तर महिना १,५००. हिशोब सोपा आहे, त्यात खोट नाही. पण ठेवीच्या जाहिराती वाचताना तिथं पण दोन गोष्टी बघायच्या असतेत. व्याज दर महिन्याला किंवा तिमाहीला हातात घेतलं की ते सरळव्याज राहतं, मुद्दल वाढत नाही. तिथंच ठेवलं तर तिमाही चक्रवाढ होतं. बँकेत ७ टक्क्यानं ५ वर्षं २ लाख ठेवले, व्याज काढून घेत गेलात तर एकूण ७० हजार व्याज मिळतं, न काढता ठेवलं तर ८२,९५६. आता काही ठिकाणी ह्या ८२,९५६ ला २ लाखानं आणि ५ नं भागून बोर्डावर लिहितेत 'उत्पन्न ८.३ टक्के'. खोटं नाही ते, पण दर ७ च आहे. दामदुप्पटचं पण तसंच, सरळव्याजात पैसे दुप्पट व्हायला १०० भागिले दर एवढी वर्षं लागतेत, ८ टक्क्याला साडेबारा वर्षं. चक्रवाढीत ७२ भागिले दर, म्हणजे ९ वर्षं. पोस्टातलं किसान विकास पत्र ७.५ टक्के चक्रवाढीनं ११५ महिन्यांत दुप्पट होतं, तेच कोण तुम्हाला 'साडेदहा टक्के सरळ' म्हणून विकायला लागला तर लगेच ओळखा. आणि बँकेतून महिन्याला व्याज घेणार असाल तर २ लाखावर ७ टक्क्यानं १,१६७ चा हिशोब करून जाता आणि खात्यात १,१६० पडतेत, ते चोरी नव्हे, तिमाहीचं व्याज महिन्याला आधी दिलं म्हणून थोडं कमी करून देतेत.

बचत खात्यावरचं व्याज १ एप्रिल २०१० पासून रोजच्या शिलकीवर मोजतेत. त्याच्या आधी महिन्याच्या १० तारखेपासून शेवटच्या दिवसापर्यंतची सगळ्यात कमी शिलक धरायचे, म्हणून अजून पण काही वयस्कर माणसं १० तारखेच्या आत पैसे भरायची धडपड करतेत. आता त्याची गरज राहिली नाही. ज्या दिवशी भराल त्या दिवसापासून चालू.

पतसंस्थेबद्दल एक गोष्ट मात्र स्पष्ट बोलते. बँकेत, मग ती सरकारी असो की आपली अर्बन सहकारी बँक, ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, २०२० च्या फेब्रुवारीपासून ५ लाख झाला, त्याच्या आधी १ लाखच होता. पतसंस्थेच्या ठेवीला हा विमा नाही. २०२२ साली आपल्या सोलापुरातल्याच एका सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेनं रद्द केला तेव्हा ह्या विम्याचा आधार काय असतो ते शहरानं बघितलंय. चांगल्या पतसंस्था आहेत, गरिबाला दारात उभं करणाऱ्या त्याच आहेत, बँका करत नाहीत ते. पण आईनं आयुष्यभर बिड्या वळून साठवलेले पैसे, पुढं दुसरे येणार नाहीत, ते सगळेच्या सगळे २ टक्के जास्तीसाठी तिथं ठेवायला मी सांगणार नाही.

तर माझा सल्ला. १ लाख २० हजार बँकेत मुदत ठेव करा, आईच्याच नावावर, नॉमिनी म्हणून तुमचं नाव लावा. मग त्या ठेवीवर आईच्याच नावानं ठेव तारण कर्ज घ्या, १ लाख. ठेवीच्या ८५-९० टक्क्यांपर्यंत सहसा देतेत. व्याज ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त, म्हणजे ७ ची ठेव असेल तर ८-९ टक्के, रोजच्या बाकीवर, ना जामीनदार ना सिबिलची कटकट, आणि प्रोसेसिंग फी बहुतेक ठिकाणी नसते किंवा नावापुरती असते. ९ टक्के धरून २४ महिन्यांचा हप्ता काढला, ४,५६८. एकूण व्याज ९,६४३. फायनान्सवाल्याकडं २४ हजार व्याज अधिक ३ हजार फी, २७ हजार जाणार होते. सतरा हजार वाचले. पतसंस्थेचे ९ सोडून बँकेचे ७ घेतल्यानं २ लाखावर दोन वर्षांत ८ हजार कमी येणार हे पण धरा, तरी ९ हजाराच्या वर तुमच्या घरात राहतेत. आणि आईची ठेव जागच्या जागी वाढत राहते, फिटलं की पावती मोकळी.

उरलेले ८० हजार, आई साठीच्या पुढं असतील तर पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाका, २०२३ च्या एप्रिलमधे त्याचा दर ८.२ केलाय (सरकार दर तिमाहीला जाहीर करतं, जाताना विचारून घ्या), दर तिमाहीला १,६४० रुपये आईच्या खात्यात येतेत. ते तिचे. तिला औषधाला, गड्ड्याच्या जत्रेत नातवंडांना द्यायला कुणापुढं हात पसरायला लागू नये.

एक अट मात्र माझी आहे, आणि ती हिशोबाची नव्हे. कर्ज आईच्या नावावर असलं तरी हप्ता तुमच्या कमाईतून तुमच्या खात्यातून जाऊ दे. हप्ता आपोआप कापला जावा म्हणून पहिल्या दिवशीच बँकेला स्थायी सूचना देऊन टाका. ठेव तारण कर्जात बँक मागं लागत नाही कारण तिचे पैसे सुरक्षित असतेत, आणि नेमकं म्हणूनच माणसं भरायचं विसरतेत, दोन वर्षांनी बघावं तर व्याज साठून पावतीच मोडलेली. युनिफॉर्मचं काम मार्च ते जून जोरात असतं आणि नंतर ढिलं पडतं हे तुम्हाला माहितीच आहे, तर सीझनमधे दोन-दोन हप्ते भरून टाका. ठेव तारण कर्जात जादा भरलं की त्याच दिवसापासून व्याज कमी होतं. एप्रिलमधे १० हजार जादा भरले तर पुढं वर्षभरात ९०० रुपये व्याज वाचतं. फ्लॅटमधे लवकर भरून काय सूट मिळत नाही बऱ्याचदा, ते पण विचारून बघा फायनान्सवाल्याला, 'एक वर्षानं बंद केलं तर किती भरायचं' म्हणून, आणि जो आकडा सांगेल तो लिहून घ्या.

बँकेत जाताना आईचं आधार, पॅन, दोन फोटो घेऊन जा, आणि आईला सोबत न्या, सही तिची लागणार. ठेवीचा फॉर्म भरतानाच ठेव तारण कर्जाचा दर किती, व्याज रोजच्या बाकीवर का, आणि आधी फेडलं तर चार्ज आहे का हे तीन प्रश्न विचारा. फायनान्सवाल्याचा कागद पण घेतलाच असेल तर नाव आणि नंबर झाकून मला पाठवा, हातातली रक्कम, हप्ता आणि हप्त्यांची संख्या एवढं दिसलं तरी बास, खरा दर काढून देते.